पाणी आलं कुठून?

बालमित्रांनो, आधी एक कोडं घालते. आकाश स्वच्छ आहे. लख्ख ऊन पडलंय. बसच्या खिडक्या बंद आहेत. तुमच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलेलं आहे. आणि तरीही तुम्ही बसलात ती सीट ओलीचिंब! सांगा पाहू, पाणी आलं कुठून?

हे कोडं पुस्तकातलं नाही बरं का. आमच्या शाळेच्या सहलीत ते खरोखर घडलं. त्याचं उत्तर शोधायला आम्हांला अख्खी दुपार लागली. आणि त्या आधी माझ्या हातून एक चूकही झाली. तीही तुम्हांला सांगणार आहे.

श्रावणातले दिवस होते. चौथीची पस्तीस मुलं, आम्ही दोन बाई, भाड्यानं घेतलेली एक जुनी बस, तिचे ड्रायव्हरकाका आणि क्लीनरदादा, असा आमचा ताफा छत्रपती संभाजीनगरला पोचला. छत्रपती संभाजीनगर म्हणजे तुमच्या आईबाबांच्या भूगोलाच्या पुस्तकातलं औरंगाबाद. २०२३ साली शहराचं नाव अधिकृतपणे बदललं. त्याच्याही खूप आधी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, इथं खडकी नावाचं गाव होतं. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं १६१० च्या सुमारास तिथं मोठं शहर वसवलं. हा मलिक अंबर जन्मानं इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा पुढं आपल्या दख्खनमध्ये येऊन वजीर झाला!

शहर वसवायचं तर पाणी हवं. मलिक अंबरानं ते कसं आणलं ठाऊक आहे? शहराच्या उत्तरेला डोंगर आहेत. त्या बाजूला जमिनीखालून भुयारं खणली. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, ते या भुयारांच्या भिंतींतून झिरपत आत येतं आणि उतारानं वाहत शहराकडं निघतं. हिला म्हणतात 'नहर-ए-अंबरी'. थोडक्यात काय, जमिनीची गळती गोळा करायची आणि गावाला प्यायला द्यायची! आपण गळतीला वैतागतो, या माणसानं तिलाच कामाला लावलं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही पाणचक्की पाहिली. खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. तिच्यासाठी डोंगरातून वेगळी नहर आणलेली आहे. तिचं पाणी नळांतून येतं आणि एका उंच दगडी भिंतीत चढून वरून धबधब्यासारखं हौदात पडतं. पंप नाही, वीज नाही, मग पाणी भिंतीवर चढतं कसं? उगम या भिंतीपेक्षा उंचावर आहे म्हणून. बंद नळात पाणी आपली पातळी शोधत जातं, हे तुम्ही विज्ञानात शिकला असालच. याच पाण्याच्या जोरावर पूर्वी इथलं जातं फिरायचं आणि दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ दळलं जायचं.

पण खरी गंमत पुढंच आहे. या मोठ्या हौदाच्या खाली एक दालन आहे. हौदाचा तळ तेच त्या दालनाचं छत! जाडजूड खांबांवर ते तोललेलं आहे. डोक्यावर पाणी, म्हणून उन्हाळ्यातही खाली गारवा. आम्ही हे ऐकत उभे होतो, तेवढ्यात मागून एक आवाज आला, "बाई, मग ते छत गळत नाही का?"

प्रश्न विचारणारा मुलगा आमच्या वर्गातला अगदी अबोल मुलगा. त्याचं नाव मी इथं देत नाही, कारण पुढं जे झालं ते वाचून त्याला अवघडल्यासारखं होईल. प्रश्न मात्र फक्कड होता. मला उत्तर येत नव्हतं. मग अशा वेळी मोठी माणसं जे करतात तेच मी केलं. "चला चला, रांगेत चला, उशीर होतोय," म्हणाले. तो बिचारा मान वर करून बघत बघत रांगेत चालू लागला.

त्या रात्री धो धो पाऊस झाला. आम्ही एका धर्मशाळेत मुक्कामाला होतो आणि बस बाहेर अंगणात उभी होती. सकाळी उठून पाहतो तो आकाश धुतल्यासारखं स्वच्छ! मुलं खूश. सातला निघालो. पंधरा किलोमीटरवरच्या दौलताबादला देवगिरीचा किल्ला पाहिला. धापा टाकत चढलो, अंधारी वाटेतून एकमेकांचे हात धरून गेलो आणि परत येऊन बसमध्ये बसलो. इथून पुढं खुलताबादकडं जाणारा घाट लागतो. बस घाट चढायला लागली आणि मागच्या बाजूनं हसण्याचा गलका झाला.

"बाई, यानं बघा काय केलंय!"

मी उठून मागं गेले. आमच्या अबोल पाहुण्याची सीट ओली. हाफ पँट मागून ओली. शेजारची दोन-तीन मुलं नाक दाबून हसत होती. ती काय म्हणत होती हे तुम्हांला सांगायला नकोच. त्याचे कान लाल झाले होते.

"मी नाही केलं, बाई," तो हळूच म्हणाला.

मी मुलांना गप्प केलं, पण त्यालाही म्हणाले, "बाटलीचं झाकण नीट लावायला नको का? सांडलंस ना पाणी? चौथीत गेलास आता!"

मला वाटलं, मी त्याची बाजूच घेतली. मुलं म्हणतात तसं काही नाही, बाटली सांडली, एवढंच. पण बालमित्रांनो, मी ती बाटली हातात घेऊनसुद्धा पाहिली नव्हती. पाणी दिसलं, जवळ एक मुलगा दिसला आणि मी दोघांची सांगड घालून मोकळी झाले.

खुलताबादला भद्रा मारुतीचं दर्शन घेतलं. इथं मारुतीराया झोपलेल्या मुद्रेत आहेत, ते पाहून मुलांना फार मजा वाटली. तो मात्र कुणात मिसळेना. बसमध्ये चढताना मी त्याला माझ्याजवळ, अगदी पुढच्या सीटवर बसवलं. बाटलीही माझ्याकडं घेतली. आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती! त्यानं ती सकाळपासून उघडलीच नव्हती.

मी काही बोलणार, एवढ्यात बस वेरूळच्या उताराला लागली. आणि टप्प! माझ्या मांडीवरच्या हजेरीपटावर एक थेंब पडला. टप्प, टप्प! बघता बघता शाईनं लिहिलेली पाच-सात नावं एकमेकांत मिसळून गेली. मी वर पाहिलं. त्यानंही वर पाहिलं. मग आम्ही एकमेकांकडं पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "आता मागं गळतंय का?"

मी ओरडून विचारलं. मागची सीट? आता तिथं एक थेंबही नव्हता.

थांबा. पुढं वाचण्याआधी विचार करा. बस चढावर असताना पाणी मागं गळालं. उतारावर असताना पुढं गळालं. पाऊस तर रात्रीच थांबलेला. यावरून काय ठरतं?

आमच्या बसमध्ये पस्तीस गुप्तहेर तयार झाले. कुणी म्हणे खिडकीचं रबर सुटलंय. कुणी म्हणे टपावरची हवेची झडप फुटलीय. एकीनं तर माकडानं टपावर पाणी ओतलं असं शपथेवर सांगितलं. ड्रायव्हरकाका म्हणाले, "अहो, ही गळती दोन वर्सं झाली हाय. खिडक्यांची रबरं तीनदा बदलली. पानी काय सापडंना बगा."

म्हणजे पाणी खिडकीपाशी दिसलं की रबर बदलायचं, असं तीनदा झालं होतं. आता माझ्या चुकीत आणि त्यांच्या चुकीत काय फरक, तुम्हीच सांगा.

वेरूळला पोचलो. एका डोंगराच्या कुशीत ओळीनं चौतीस लेणी. पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू आणि शेवटची पाच जैन. १९८३ सालापासून ती जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहेत. सोळावं लेणं म्हणजे कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, त्याचं मोठं काम झालं. आपण घर पायापासून कळसाकडं बांधतो. कैलास मात्र कळसापासून पायाकडं कोरत आणलाय, एकाच अखंड डोंगरातून! मुलं तोंडाचा आ वासून पाहत राहिली.

एका लेण्यात मात्र पायाखाली ओल होती. छताला काळपट ओघळ दिसत होता. तिथं राखणीला असलेल्या एका वयस्कर काकांना आमच्या मित्रानं थेट विचारलं, "काका, पाऊस तर थांबलाय. मग हे पाणी कुठून येतं?"

काका खूश झाले. "सगळे मूर्ती बघतात, तू छत बघितलंस," म्हणाले. मग त्यांनी सांगितलं ते मी तुम्हांला जरा सविस्तर सांगते.

आपल्या दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त लाव्हारस बाहेर आला, पसरला आणि थंड झाला. त्याच्यावर पुन्हा दुसरा थर, त्याच्यावर तिसरा. आईनं पोळ्यांची चवड रचावी तसे हे थर. थंड होताना दगड आकसतो आणि त्याला बारीक भेगा पडतात. पावसाचं पाणी डोंगरमाथ्यावर पडतं, एखाद्या भेगेत शिरतं आणि खाली उतरतं. खाली घट्ट थर लागला की त्याला आणखी खाली जाता येत नाही. मग ते दोन थरांच्या मधून आडवं सरकत जातं आणि वाट मिळेल तिथं बाहेर येतं. ती वाट लेण्याच्या छतात असली, तर लेणं गळतं. पाऊस आज पडला आणि थेंब उद्या-परवा आला, असंही होतं. शिरलं एकीकडं, दिसलं दुसरीकडं!

म्हणूनच लेण्यांचं पाणी थांबवायचं तर आत ओघळ पुसत बसून भागत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लोकांना डोंगरमाथ्यावर जावं लागतं. पाणी कुठून शिरतं ते शोधावं लागतं, भेगा बुजवाव्या लागतात, चर काढून पाणी दुसरीकडं वळवावं लागतं. अजिंठ्याला तर हे काम आणखी नाजूक, कारण तिथं भिंतींवर चित्रं आहेत. गिलाव्याच्या मागून ओल आली की गिलावा सुटतो आणि दीड हजार वर्षांचं चित्र त्याच्याबरोबर जातं.

"वरून येतं खरं," काका म्हणाले, "पण वरून म्हंजे बरोब्बर डोक्यावरूनच असं न्हाई."

तिथून आम्ही दहाव्या लेण्यात गेलो. याला विश्वकर्मा लेणं म्हणतात, 'सुताराची झोपडी' असंही नाव आहे. त्याचं छत कमानदार आणि छताला दगडाच्याच फासळ्या कोरलेल्या. लाकडी घराचे वासे असावेत तशा. आमचा मित्र बराच वेळ वर पाहत उभा राहिला. मग माझ्या पदराला हिसका देऊन म्हणाला, "बाई! आपल्या बसच्या टपालापण अशा फासळ्या असतात ना? वर पत्रा, मग फासळ्या, मग आतून प्लायवूड. म्हणजे मधे पोकळी आहे! रात्रीचं पाणी तिथं साठलं असेल!"

मला टाळी वाजवावीशी वाटली. पत्रा आणि प्लायवूड, म्हणजे दोन थरच की! रात्री पावसाचं पाणी पत्र्यातून आत शिरलं आणि मधल्या जागेत साचून राहिलं. बस घाट चढली तसं ते मागं वाहिलं आणि मागच्या फटीतून गळालं. बस उतरली तसं पुढं आलं आणि माझ्या हजेरीपटावर सांडलं. पाणी कसं फिरतं ते कळलं. पण शिरतं कुठून?

जेवणं झाल्यावर आम्ही बसभोवती जमलो. माझ्या पिशवीत खडूची पेटी होती. शिक्षकाची पिशवी, दुसरं काय असणार! मुलांनी वहीच्या पुठ्ठ्यावर खडू ठेचून बारीक पूड केली. बसच्या छताला आतून प्लायवूडच्या सांध्यांवर पट्ट्या मारलेल्या होत्या. त्या फडक्यानं कोरड्या पुसून आम्ही त्यांच्या कडांना ती पूड चोळली. कोरडी पूड पांढरी दिसते, पण पाण्याचा एक थेंब लागला तरी तिथं लगेच काळी रेघ उठते.

मग क्लीनरदादा मागच्या शिडीनं टपावर चढले. मुलं खालीच, बरं का! आम्ही ठरवलं की पाणी सगळीकडं एकदम ओतायचं नाही. एका वेळी एकच जागा. आणि सुरुवात खालून. का सांगा? वरून पाणी ओतलं तर ते खालच्या सगळ्या जागा भिजवत येणार, मग चोर कोण हे कळणार कसं?

आधी खिडक्यांच्या रबरावर एक एक तांब्या. पाच मिनिटं थांबलो. पूड पांढरीच. मग टपाच्या कडेच्या सांध्यावर. काही नाही. मग हवेच्या झडपेभोवती. काहीच नाही. मुलं कंटाळली. शेवटी राहिलं सामान बांधायचं कॅरिअर. त्याचे पाय नट-बोल्टांनी पत्र्याला आवळलेले होते. एका पायावर पाणी ओतलं, थांबलो. दुसऱ्यावर, थांबलो. तिसऱ्यावर ओतलं. एक मिनिट, दोन मिनिटं. "नाही बाई, इथंपण नाही," मुलं म्हणाली आणि खाली उतरायला लागली.

"थांबा ना," आमचा मित्र म्हणाला. "डोंगरातून यायला दिवस लागतो. जरा थांबा."

चौथं मिनिट झालं असेल. पांढऱ्या पुडीत एक काळी रेघ उमटली. ती पट्टीच्या कडेनं हळूहळू सरकत मागं गेली आणि बोल्टापासून चांगली पाच हात लांब, त्याच सीटवर, टप्प!

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! क्लीनरदादांनी तो बोल्ट उघडला. त्याच्या खालचं रबरी वायसर वाळून तडकलेलं होतं. दोन वर्षं तीन-तीनदा रबरं बदलूनही न सापडलेला चोर बोटाच्या पेराएवढा होता. काकांनी बोल्टाभोवतीची जागा कोरडी केली, तात्पुरतं एम-सील लावलं आणि गावी गेल्यावर सगळीच वायसरं बदलायचं कबूल केलं.

आता माझं एक काम उरलं होतं. बस निघण्याआधी मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "सकाळी मी न बघताच तुला बोलले. बाटली भरलेली होती. माझं चुकलं."

बसमध्ये एकदम शांतता पसरली. बाई असं म्हणतात हे मुलांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. सकाळी हसणाऱ्यांपैकी एकजण उठला आणि आपली खिडकीची जागा त्याला देऊन मुकाट्यानं आतल्या बाजूला सरकला.

परतीच्या वाटेवर शहराजवळ पुन्हा पाऊस आला. पस्तीस माना वर! सगळे छताकडं बघताहेत आणि कुणी बोलत नाही. एक थेंब पडला नाही. मग टाळ्या झाल्या.

तुमच्या घरीही पावसाळ्यात कुठंतरी ओल येत असेल. तेव्हा हा खेळ मोठ्यांना बरोबर घेऊन खेळून पाहा. पाणी दिसतं कुठं ते आधी लिहून ठेवा. केव्हा दिसतं तेही लिहा, पाऊस असताना की थांबल्यावर. मग कोरडी खडूची पूड, एका वेळी एक जागा, सुरुवात खालून आणि भरपूर थांबायची तयारी. आणि हो, हा प्रयोग घरात किंवा बसमध्येच करायचा. लेण्यांना आणि जुन्या वास्तूंना खडूचं बोटसुद्धा लावायचं नाही.

कारण शहरात शिरता शिरता आमचा मित्र मला म्हणालाच, "बाई, पाणचक्कीच्या छताचं राहिलंच की! ते गळत नाही का?"

या वेळी मी 'रांगेत चला' म्हटलं नाही. म्हटलं, "मला माहीत नाही रे. पुढच्या वर्षी परत येऊ, तेव्हा दोघं मिळून नीट वर बघू." तुम्ही आमच्या आधी तिथं गेलात, तर त्या दालनात मान वर करून उभे राहा, आणि काय दिसलं ते आम्हांला नक्की कळवा.